वायर बदलून बघू

गुरुलिंगअण्णांचं दुकान आणि माझं दुकान यांच्यामध्ये एक प्लायची भिंत आहे. भिंत आपली म्हणायला. तिकडे कुणी शिंकलं तर इकडे माझ्या सुईतला दोरा हलतो. मी पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते. अण्णा टीव्ही दुरुस्त करतात. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या या बोळात आम्ही एकाच वर्षी दुकानं टाकली. ते माझ्याहून चांगले मोठे, तरी मला 'रेश्माअक्का' म्हणतात आणि मी त्यांना अण्णा. आमच्याकडे वयाची चौकशी कुणी करत नाही, अक्का-अण्णा म्हटलं की भागतं.

प्लायमधून माणूस दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. त्यांचं एक वाक्य मला झोपेतही म्हणता येईल. गिऱ्हाईक काहीही तक्रार घेऊन येवो, चित्रात मुंग्या येवोत नाहीतर आवाज खरखरो, अण्णा खुर्चीवरून न उठता म्हणणार, "वायर बदलून बघू." मी चिडवायची की अण्णा, तुमच्याकडं कुणी ताप घेऊन आला तरी तुम्ही त्याची वायरच बदलाल. ते हसायचे. पण त्यांच्या कामाची रीत पक्की होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर बदलली, बघितलं, दोष नाही गेला तर जुनी परत लावायची आणि मग पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष नेमका कशात होता ते कळत नाही, असं ते म्हणायचे. मी एवढी उतावळी, की मशीन बिघडलं तर सुई, दोरा, बॉबिन सगळं एकदम काढून फेकते. त्यांना ते बघवायचं नाही.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले आणि भिंतीला चिकटवायचे पातळ टीव्ही आले, तेव्हा अण्णांचं दुकान बंद पडणार असं मी धरूनच चालले होते. त्या टीव्हीचं पॅनेल गेलं की कोण दुरुस्त करतंय? नवाच आणतात. पण जुळे सोलापुरातली, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं सुट्टीला यायला लागली आणि माळ्यावरून आपापली जुनी गेमची मशिनं काढायला लागली. लहानपणी ज्यांच्यापायी आईचा मार खाल्ला, ती. नव्या टीव्हीला ती जोडायला जागाच नसते. जुनी वायर तीन शेपट्यांची, पिवळी, पांढरी आणि लाल. नव्या टीव्हीला नुसतं एचडीएमआयचं चपटं भोक. मग मध्ये एक स्वस्तातला कन्व्हर्टरचा डबा बसवतात आणि चित्र येतं ते धुरकट, रंग एकमेकांत सांडलेले. ते नीट करून देणारा माणूस म्हणजे गुरुलिंगअण्णा. हळूहळू पोरं त्यांना 'गेमवाले अण्णा' म्हणायला लागली.

मला त्यांनी एकदा समजावलं होतं. "अक्का, पिवळ्या वायरीतनं सगळं चित्र एकाच नळीतनं कोंबून नेतात. लाल साडी आन् पांढरं परकर एका बादलीत भिजवल्यावर काय हुतंय? तसंच की. चांगली वायर असली तर लाल येगळं जातंय, हिरवं येगळं, निळं येगळं. मग चित्र कसं लख्ख येतंय बघा." त्यांची मुलगी सृष्टी तेव्हा शाळेत होती. ती त्या दुकानातच गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत मोठी झाली. कुठल्या रंगाची शेपटी कुठल्या भोकात जाते हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आता ती चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे.

यंदा दिवाळीनंतर शिवराज नावाचा एक मुलगा आपलं जुनं मशीन घेऊन आला. अण्णांनी दुकानातल्या मोठ्या टीव्हीला ते पिवळ्या वायरीनं जोडून बघितलं. मी ब्लाउजच्या काजांना टाके घालत होते. ऐकू आलं ते असं.

"अण्णा, बरं दिसतंय की. थोडं धुरकट हाय एवढंच," शिवराज म्हणाला.

"धुरकट? आरं, मधी वाकलंय ते दिसंना व्हय तुला? त्यो खांब बघ की."

"कुठला खांब?"

"रस्त्याकडंचा, दिव्याचा. मधीच पोट आल्यावानी झालंय त्याला."

मग अण्णांनी मला हाक मारली. मी कात्री ठेवून तिकडे गेले. पडद्यावर एक रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्याचे खांब. रंग फिके होते, कडा विरघळल्यासारख्या होत्या, पण खांब सरळ होते. तसं मी म्हणाले.

"अक्का, तुमी शिवणकाम बघा," अण्णा म्हणाले.

इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मला राग आला आणि मी परत आले. प्लायपलीकडून आवाज आला, "वायर बदलून बघू. चांगली वायर मागवतो. मशीन ऱ्हाऊ दे हितंच."

त्या दिवसापासून तिकडे एकच काम सुरू झालं. अण्णा वायरी बदलत होते. पिवळी वायर बदलली. कन्व्हर्टर बदलला. वीज देणारा अडॅप्टर बदलला. टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला. बोर्डातलं अर्थिंग तपासलं. दर वेळी काही क्षण शांतता आणि मग स्वतःशीच, "हितं बी वाकलंय." गिऱ्हाइकांची बाकीची कामं तशीच पडून होती. लोक माझ्याकडे येऊन विचारायला लागले, अण्णा बरे आहेत ना? मी म्हणायची, त्यांना विचारा की. मला अजून रागच होता.

पण राग धरून बसलेल्या माणसालाही डोळे असतात. एकदा चहाच्या टपरीवरचा बसू चहा घेऊन आला आणि त्यानं ग्लास काउंटरवर ठेवला. अण्णांनी हात पुढे केला तो ग्लासाच्या शेजारी. बोटं हवेत मिटली. मग त्यांनी मान थोडी वळवली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, आणि तिरक्या नजरेनं ग्लास उचलला. बसूला वाटलं अण्णा चेष्टा करताहेत. तो हसला. अण्णाही हसले, पण मी त्यांचा चेहरा बघत होते.

मग मला एकेक दिसायला लागलं. पूर्वी लाईट गेली की माझ्या सुईत दोरा तेच ओवून द्यायचे, आता मी सुई पुढे केली तर म्हणायचे, हातात काम हाय. वायरींना डाग द्यायची, सोल्डरिंगची तापलेली कांडी त्यांच्या बोटाला लागत होती, डाव्या हाताची तीन बोटं भाजलेली. स्कूटर घरी ठेवली होती. गाडी काम मागतीय, असं त्यांनी सांगितलं. सकाळी सृष्टी कामावर जाताना त्यांना तिच्या गाडीवरून सोडायची, संध्याकाळी ते अंधार पडायच्या आत, कडेकडेनं, दुकानांच्या पायऱ्यांना धरून चालत जायचे.

मला कळलं होतं. आणि त्यांना कशाची भीती वाटते आहे हेही मला कळलं होतं, कारण ते मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

अण्णांचे वडील संगप्पा. अण्णांना आहे तशी त्यांनाही साखर होती, आणि साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले. घरात बसून जीव घुटमळतो म्हणून अण्णा त्यांना रोज दुकानात आणायचे आणि पायरीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसवायचे. कुणाचीही चाहूल लागली की ते विचारायचे, "कोण हाय?" माणूस चांगला असेल तर नाव सांगायचा. पण बोळात सगळे चांगले नसतात. काही टारगट मुद्दाम समोर येऊन, श्वास रोखून उभे राहायचे. म्हातारा मान इकडे तिकडे करायचा. "कोण हाय? बोला की. कोण हाय रे?" मग ते खिदळत पळून जायचे. एकदा मी त्यातल्या एकाच्या पाठीत गजाची पट्टी घातली होती. अण्णा मात्र बाहेर यायचे नाहीत. ते आत बसून सगळं ऐकायचे आणि हातातल्या टीव्हीत अजून खोल डोकं घालायचे. संगप्पा गेले तेव्हा ती खुर्ची अण्णांनी कुणाला दिली नाही, टाकलीही नाही. दुकानाच्या पोटमाळ्यावर उलटी करून ठेवली. ती अजून तिथेच आहे.

एका दुपारी अण्णांच्या बायको महेश्वरीवहिनी माझ्याकडे आल्या. ब्लाउजाचं माप द्यायला, म्हणाल्या. त्यांच्या हातात कापड नव्हतं. स्टुलावर बसल्या आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागल्या, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

"अक्का, ह्यांना दिसत न्हाय."

मी मशीन चालू केलं, नुसतंच, दोरा न घालता. आवाज होऊ दे म्हणून.

"साखरेच्या डॉक्टरांनी मागंच सांगितलंय, डोळं तपासा म्हणून. मी इचारलं की म्हणत्यात, वायर येऊ दे. मला काय कळंना बाई. डोळ्याचा आन् वायरीचा काय संबंध? म्हणत्यात, चित्रातच दोष हाय, चांगली वायर लावली की जातोय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मामंजींचं मी सगळं केलं. जेवाय घालताना घास हातात द्यायची. आता परत न्हाय हुणार माझ्यानं. मला लई भ्या वाटतंय."

मी पायाखालचं पेडल सोडलं. मलाही भीती वाटत होती. मी त्यांना चहा पाजला.

ती चांगली वायर आली तेव्हा अण्णा समोरच्या नळावर पाणी प्यायला गेले होते. कुरिअरवाल्यानं पार्सल माझ्याकडे दिलं. छोटं खोकं, हलकं. मी ते अण्णांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आली बघा तुमची वायर. आता लावा." ते बरं म्हणाले. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि कान तिकडे लावले. खोकं फाडल्याचा आवाज आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी काहीतरी निमित्त काढून आत डोकावले तर खोकं सिद्धेश्वरांच्या फोटोशेजारी फळीवर ठेवलेलं, चिकटपट्टीसकट. त्याच्यावर उदबत्तीची राख पडली होती. आणि अण्णा खाली बसून परत जुनीच पिवळी वायर बदलत होते.

तेव्हा माझा ताबा सुटला. "अण्णा, ती वायर का लावत नाही?"

"लावू की. काय घाई हाय?"

"घाई नाही? त्या पोराचं मशीन कवापासून पडलंय. आणि मी काय म्हणते, एक डोळा झाकून बघा. मग दुसरा झाका. तुम्हीच सांगता ना, एका वेळी एकच बदलायचं?"

ते वळले. माझ्याकडे बघत होते, पण माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या कानाकडे. "आन् मग? बघितलं आन् निघालं तर? ती खुर्ची वरनं काढून देणार का तुमी मला? पायरीवर टाकून?"

मी माझ्या दुकानात आले आणि त्या दुपारी एकही टाका सरळ आला नाही.

कारखान्याच्या पुढच्या सुट्टीला सृष्टी जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली आणि नेमका तेव्हाच शिवराज आपलं मशीन परत न्यायला आला. त्याला पुण्याला जायचं होतं. तो बिचारा वैतागलेला, पण आवाज चढवत नव्हता. "अण्णा, नसेल होत तर राहू द्या. मी तसंच नेतो."

"वायर आली न्हाय अजून," अण्णा म्हणाले.

मी इकडे टाचणी तोंडात धरून बसले होते. ती काढून हातात घेतली. बोलू की नको? पण मला बोलायची गरज पडली नाही. डबा ठेवायला जागा करताना सृष्टीचा हात त्या खोक्याला लागला होता.

"अप्पा, हे काय? वायर तर हीच आहे की. उघडली पण नाही तुम्ही?"

चिकटपट्टी फाडल्याचा आवाज झाला. तो मी इतके दिवस ऐकायला थांबले होते आणि आता ऐकू आल्यावर मला वाटलं, नको. मी उठून त्यांच्या दाराशी गेले. सृष्टी टीव्हीच्या मागे वाकली होती. लहानपणी म्हणायची तसं तोंडानं म्हणत होती, "लाल लालमध्ये, हिरवी हिरव्यात, निळी निळ्यात." मग आवाजाच्या दोन शेपट्या. मग वायरीसोबत आलेला नवा कन्व्हर्टरचा डबा, आणि त्या डब्यातून टीव्हीत. तिनं मशीन चालू केलं.

मी असं चित्र त्या मशीनचं कधी बघितलं नव्हतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे चाकूनं कापल्यासारखे. खांबांवरच्या दिव्यांच्या काचा वेगळ्या मोजता येत होत्या. शिवराज म्हणाला, "आयला!" आणि जीभ चावली. सृष्टी टाळी वाजवून म्हणाली, "अप्पा, बघा! केवढं स्वच्छ आलंय!"

अण्णा टीव्हीसमोर उभे होते. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"शिवराज," त्यांनी विचारलं, "खांब कसं दिसत्यात?"

"एकदम भारी, अण्णा."

"सरळ हायत का?"

"सरळच आहेत."

"अक्का, तुमी सांगा."

मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. मी म्हणाले, "सरळ आहेत, अण्णा."

"सृष्टी?"

"सरळ आहेत अप्पा. का?"

अण्णांनी खाली वाकून एक जुना लोखंडी डबा काढला. तो मी ओळखत होते. पिक्चर ट्यूबच्या काळात टीव्ही नीट लावायला ते तो वापरायचे. तो जोडला की पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी येते, पाटीवर चौकटी आखतात तशी. ते म्हणाले, "ही बी लावून बघू," पण डबा त्यांनी जोडला नाही. मांडीवर घेऊन बसले.

"ह्या जाळीवर मी कवाच बघितलंय," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी. शिवराज गेल्यावर. मधी रेघा आत वढल्यागत झालत्या. सृष्टे, जुन्या काचंच्या टीव्हीत रेघ वाकती. ती आमी मागनं स्क्रू फिरवून सरळ करायचो. ह्या नव्या पॅनेलमधी रेघ वाकूच शकत न्हाय. आन् वायर खराब असली तर रेघ हलती, थरथरती. वाकून बसत न्हाय. हे मला ठावं न्हाय व्हय? हेच करत जन्म गेला माझा."

"मग?" सृष्टीनं विचारलं. तिला अजून कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"मग काय. पिवळी वायर हुती तवर म्हणता येत हुतं, वायरीचा दोष हाय."

टीव्हीवर गाड्या सुटायची वाट बघत थांबल्या होत्या, इंजिनांचा आवाज येत होता. सृष्टीनं पुढे होऊन आवाज बंद केला. मी म्हणाले, "अण्णा, एका वेळी एक."

त्यांनी उजवा तळहात उचलला. उजवा डोळा झाकला, डाव्यानं पडद्याकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "डाव्यातनं सरळ हायत. जरा बारकी लाट हाय. पर हायत सरळ." त्यांनी श्वास सोडला. मग हात बदलला. डावा डोळा झाकला.

पडद्याकडे त्यांनी फार वेळ बघितलंच नाही. मान वळवून सृष्टीकडे बघितलं. ती अगदी समोर उभी होती, हात पुढे केला तर लागेल इतकी.

"सृष्टी," ते म्हणाले, "तुझं कानातलं दिसतंय. केस दिसत्यात. वढणी दिसतीय. मधी तोंड न्हाय गं. तोंड कुटं गेलं तुझं?"

सृष्टीनं ओरडून रडायला हवं होतं, मी तरी रडले असते. ती दोन पावलं पुढे आली आणि तिनं त्यांचा डाव्या डोळ्यावरचा हात धरून खाली घेतला. "आता दिसतंय?"

"दिसतंय."

"मग चला."

"कुटं?"

"डॉक्टरकडं. आत्ता. जेवणाचा डबा राहू दे."

"मला भ्या वाटतंय," अण्णा म्हणाले. एवढा मोठा माणूस, शिवराजसारख्या परक्या पोरासमोर, सरळ म्हणाला. "माझ्या अप्पाला डॉक्टरनं सांगितलं हुतं, उशीर केला म्हणून. मला बी तसंच सांगितलं तर?"

"सांगू दे," सृष्टी म्हणाली. "मी असणार ना तिथं."

शिवराजनं त्यांच्या पायापाशी चपला आणून ठेवल्या. अण्णा मुलीच्या गाडीवर मागे बसले आणि तिच्या खांद्याला दोन्ही हातांनी धरून बोळातून गेले. शिवराजनं आपलं मशीन नेलं नाही. म्हणाला, राहू द्या अक्का, पुढच्या वेळी नेतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते वहिनींनी मला संध्याकाळी येऊन सांगितलं. पडद्याला सूज आहे, साखरेची. डोळ्याच्या आतल्या पडद्याला. उजव्याचं जे गेलं त्यातलं थोडं परत येईल, सगळं येईल असं नाही. डावा वाचवायचा तर डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, साखर ताब्यात ठेवायची, आणि चुकवायचं नाही. डोळ्यात सुई म्हटल्यावर मी स्वतः दिवसभर सुई हातात धरणारी बाई, पण माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या इंजेक्शनाला अण्णांनी सृष्टीचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या मनगटावर बोटं उमटली होती. तिनं ती मला दाखवली, हसत.

डॉक्टरांनी घरी नेऊन भिंतीला लावायला एक कागद दिला. त्याच्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी, मध्ये एक ठिपका. रोज सकाळी एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा वाकल्या की लगेच यायचं. अण्णा डॉक्टरांना म्हणाले म्हणे, "साहेब, ही जाळी माज्याकडं हाय. मोठी हाय ह्याच्यापरीस." डॉक्टरांना काही कळलं नाही.

अण्णा आता परत दुकानात येतात. बारीक डाग द्यायचं काम त्यांनी सोडलंय. वायरी जोडून देतात, रंग सांगतात, पोरं त्यांच्यासमोर स्वतःच जोडतात. पोटमाळ्यावरची ती खुर्ची अजून उलटीच आहे. मी एकदा म्हणाले, टाकून द्या ती. ते म्हणाले, ऱ्हाऊ दे. मी पुन्हा विषय काढला नाही.

रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की ते टीव्ही चालू करतात आणि तो लोखंडी डबा जोडतात. मी शटर उघडून माझ्या जागेवर बसलेली असते. मशीनमध्ये कापड घातलेलं असतं, पाय पेडलवर असतो, पण मी तो दाबत नाही. पहिल्या पहिल्या दिवसांत ते मनातच बघायचे आणि इकडे माझा जीव टांगणीला लागायचा. शेवटी मी प्लायवर बुक्की मारून ओरडले, "मोठ्यानं बोला की, आम्ही काय देव आहोत का मनातलं ऐकायला?" तेव्हापासून ते मोठ्यानं सांगतात.

आज सकाळी जरा जास्त वेळ लागला. टीव्ही लागल्याचा आवाज आला. डबा जोडल्याचा आला. मग काहीच नाही. मी कापडावर हात तसाच दाबून धरला होता.

"डावा सरळ हाय," अण्णा म्हणाले.

मी वाट बघत राहिले. बाहेरून बसूच्या ग्लासांचा आवाज आला आणि थांबला. तोही माझ्यासारखाच थांबला होता, हे मला आजच कळलं.

"उजवा कालच्याएवढाच हाय, अक्का."

मी पेडल दाबलं.